मशीन अडवून ठेवायचा हक्क आहे, विकायचा नाही: बिल थकलेल्या वर्कशॉपवाल्यासाठी सविस्तर उत्तर

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. भोसरीत तुमचं डिझेल इंजिन आणि डीजी सेट (डिझेलवरचे जनरेटर) रिपेअरिंगचं वर्कशॉप आहे. चाकणकडच्या एका बांधकाम कॉन्ट्रॅक्टरनं १२५ केव्हीएचा सेट ओव्हरऑलिंगला आणून टाकला, काम झालं, त्याच्या माणसासमोर लोडवर ट्रायल झाली, बिल झालं १ लाख ८६ हजार, त्यातले ऍडव्हान्सचे २० हजार सोडले तर सात महिन्यांत एक रुपया आला नाही. याच माणसाच्या आधीच्या सेटचे ६४ हजार बाकी आहेत, तो सेट कधीच गेला. शिवाय साइटवर जाऊन होइस्टची (माल वर चढवायच्या लिफ्टची) मोटर केली त्याचे २२ हजार वेगळे. आता तो म्हणतोय सेट द्या नाहीतर पोलिसात जातो. आणि अमेरिकेतल्या मेव्हण्यानं तुम्हाला सांगितलंय की तिकडं गॅरेजवाला नोटीस देतो आणि गाडी विकून मोकळा होतो, मग आपण का नाही?

मी वकील आहे, शिवाजीनगर कोर्टात २२ वर्षं झाली, आणि त्याआधी शाळा सुटली की नाना पेठेत वडिलांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसायचो. त्यामुळं हा विषय मला फक्त कलमांतून कळलेला नाही. दुकानाचं भाडं, कारागिराचा शनिवारचा पगार आणि तांब्याच्या वायरवाल्याचा तगादा, हे तिन्ही एकाच आठवड्यात आले की काय होतं ते मी घरात बघितलंय.

तुम्ही विचारलंय "सेट विकू का?" पण खरा प्रश्न तो नाहीये. तुमची उधारी एक नाही, तीन आहेत, आणि तुमच्या शेडमध्ये उभा असलेला सेट त्यातल्या एकाच उधारीची हमी आहे. दुसरं म्हणजे तो सेट ताब्यात आहे म्हणून तुम्ही निवांत आहात, आणि तिकडं वेळ चाललाय. हे दोन मुद्दे सुटले की पोलिसांची भीती आणि विक्रीचा प्रश्न आपोआप जागेवर येतात.

हक्क काय आहे ते बघू. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७०. कुणी तुम्हाला वस्तू कामासाठी दिली, तुम्ही त्या वस्तूवर ठरल्याप्रमाणं मेहनतीचं किंवा कसबाचं काम केलं, तर त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू तुम्ही अडवून ठेवू शकता, फक्त याच्या विरुद्ध काही करार झालेला नसावा. यालाच लीन म्हणतात, सरकारी मराठीत धारणाधिकार. त्यासाठी कुठं नोंदणी लागत नाही, स्टॅम्प लागत नाही, कोर्टाची परवानगी लागत नाही. कायद्यानं तो तुम्हाला दिलेलाच आहे. कायद्यातच दोन उदाहरणं आहेत, आणि मी अशिलांना नेहमी तीच सांगतो कारण त्यात सगळं येतं. पहिलं, कच्चा हिरा जवाहिऱ्याला पैलू पाडायला दिला, त्यानं पाडले, आता पैसे मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेऊ शकतो. दुसरं, शिंप्याला कोटाचं कापड दिलं, आणि शिंपी म्हणाला कोट झाला की लगेच देतो आणि पैसे तीन महिन्यांनी द्या. या शिंप्याला कोट अडवता येत नाही, कारण त्यानं स्वतःच उधारी कबूल केलीय.

हे दुसरं उदाहरण नीट वाचा, कारण भोसरी-चाकणमध्ये निम्मी प्रकरणं इथंच अडकतात. तुम्हाला जी पर्चेस ऑर्डर (पीओ) आली तिच्यावर "डिलिव्हरीनंतर ४५ दिवसांत पेमेंट" असं छापलंय का? असेल तर तुम्ही तो शिंपी झालात असं समोरचा वकील म्हणणार. मग तुम्ही म्हणाल की उधारीची मुदत कधीच संपली, आता तरी अडवू दे, तर त्यावर वाद होऊ शकतो, दोन्ही बाजूंनी बोलता येतं. मोठ्या कंपन्यांच्या पीओच्या मागच्या पानावर तर बारीक अक्षरात सरळ लिहिलेलं असतं की पुरवठादाराला मालावर कसलाही लीन राहणार नाही. तुमचा गिऱ्हाईक कॉन्ट्रॅक्टर आहे, त्यानं बहुधा फोनवर आणि व्हॉट्सऍपवर काम दिलं असणार, तर तुमची बाजू बरी आहे. पण ते कागद बघितल्याशिवाय मी ठामपणे सांगणार नाही.

अजून दोन अटी आहेत. काम पूर्ण झालेलं पाहिजे, अर्धवट इंजिन खोलून ठेवलंय आणि तुम्ही पूर्ण बिलासाठी अडवताय असं चालत नाही. आणि रक्कम ठरलेली किंवा वाजवी पाहिजे. एस्टिमेट दीड लाखाचं होतं आणि मध्ये टर्बो खराब निघाला म्हणून वाढलं, तर ते वाढलेलं त्याला कळवलं होतं का, त्यानं "करा" म्हणलं होतं का, तो मेसेज शोधून ठेवा. तुमच्या केसमध्ये ट्रायल त्याच्या माणसासमोर झाली हे फार चांगलं झालं. त्या ट्रायलचा व्हिडिओ, लोडचं रीडिंग, त्याच्या माणसाची सही, यातलं जे असेल ते आजच एका फोल्डरमध्ये टाका.

आता विक्री. कलम १७० मध्ये अडवून ठेवायचा हक्क आहे, बस. विकायचा एक शब्दही नाही. विकायचा हक्क त्याच कायद्यात दुसऱ्याला दिलाय, गहाण घेणाऱ्याला, कलम १७६ मध्ये, तोही वाजवी नोटीस देऊन. सोनं गहाण ठेवणारी पेढी लिलाव करू शकते ती यामुळं. दुरुस्तीवाल्याकडं वस्तू गहाण नसते, कामाला आलेली असते, आणि कायद्यानं हा फरक मुद्दाम ठेवलाय. मध्ये एक गैरसमज फिरतो की खर्च वस्तूच्या किमतीच्या दोन तृतीयांश झाला की विकता येतं. ते कलम १६९ आहे, आणि ते हरवलेली वस्तू सापडलेल्या माणसासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. मला एकानं हे कलम मोबाईलवर दाखवून विचारलं होतं, आणि तोपर्यंत त्यानं भंगारवाल्याशी सौदाही केला होता. वेळेत आला म्हणून वाचला.

मेव्हणे जे सांगतायत ते खोटं नाही. अमेरिकेत राज्याराज्यांचे वेगळे कायदे आहेत, त्यात गॅरेजवाल्याला ठरावीक नोटीस देऊन, ठरावीक पद्धतीनं गाडी लिलावात काढता येते. इंग्लंडमध्येही १९७७ च्या एका कायद्यानं, लोकांनी न नेलेल्या वस्तू नोटीस देऊन विकायची सोय केलीय. तिथं ती पायरी कायद्यानं वेगळी बांधून दिली. आपल्याकडं दुरुस्तीवाल्यासाठी तशी सोय केलेली नाही, त्यामुळं तिकडचं बघून इकडं विकलं तर तुम्ही घेणेकरी होता ते आरोपी व्हाल. दुसऱ्याची विश्वासानं दिलेली वस्तू परस्पर विकली की विश्वासघाताचं कलम येतं, आता भारतीय न्याय संहितेत ते ३१६ आहे. आज तो तुम्हाला पोलिसांची भीती दाखवतोय त्यात दम नाही, पण सेट विकलात तर तुम्ही स्वतःच त्याच्या हातात दम द्याल.

सोसायटीच्या बाहेरच्या लाँड्रीपासून मोबाईल रिपेअरवाल्यापर्यंत सगळीकडं पाटी असते, "३० दिवसांत वस्तू न नेल्यास आम्ही जबाबदार नाही". ती पाटी भिंतीवर आहे म्हणून विक्रीचा हक्क तयार होत नाही. जॉबकार्डवर गिऱ्हाइकाच्या सहीनं स्पष्ट कलम असेल तर गोष्ट वेगळी, त्यावर शेवटाकडं येतो.

मग अडवून काय उपयोग, असं तुम्ही म्हणाल. उपयोग आहे, आणि मोठा आहे, कारण त्याला सेट लागतोय. साइटवर भाड्याचा सेट आणून चालवायचा तर दर महिन्याला खर्च आहे. तुमचा जोर तोच आहे. पण हा जोर कायम टिकत नाही. त्यानं दुसरा सेट घेतला, साइट संपली, कंपनी बंद केली, की तुमच्या शेडमधलं ते धूड नुसतं जागा खातं.

आता ६४ हजारांचं. इथं मला कडक बोलावं लागेल. हा सेट तुम्ही याच सेटच्या कामासाठी अडवू शकता, मागच्या सेटच्या बाकीसाठी नाही. सगळ्या जुन्या हिशोबासाठी हातात असलेली कुठलीही वस्तू अडवायचा हक्क कलम १७१ मध्ये आहे, पण तो बँका, आडते, बंदरावरचे धक्केवाले, हायकोर्टाचे ऍटर्नी आणि विमा पॉलिसीचे दलाल अशा मोजक्या लोकांना. बाकी कुणालाही नाही, स्पष्ट करार असल्याशिवाय. (आणि वकिलांना? पक्षकाराची फाइल फीसाठी अडवता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय, तेव्हा तुमच्या वकिलानं फाइल अडवली तर तेही लक्षात ठेवा.) तो मागचा सेट तुम्ही दिलात त्या क्षणी त्याच्यावरचा लीन गेला. ताबा सोडला की लीन संपतो, आणि तीच वस्तू परत दुसऱ्या कामाला आली म्हणून जुना लीन जिवंत होत नाही. नागपूरचा १९४३ चा एक निकाल आहे, फ्रिजच्या दुरुस्तीचा. फ्रिज दिल्यावर नंतर बिघाड झाला म्हणून त्याचे भाग परत आणले आणि जुन्या बाकीसाठी धरून ठेवले, कोर्टानं सांगितलं चालणार नाही.

हे का सांगतोय, तर तुम्ही त्याला मेसेज केलाय की "सगळे मिळून २ लाख ५२ हजार दिल्याशिवाय सेट हलणार नाही". हा मेसेज तुमच्याच अंगावर येऊ शकतो. उद्या त्यानं या सेटचे १ लाख ६६ हजार चेकनं समोर ठेवले आणि तुम्ही जुन्या बाकीसाठी नाही म्हणालात, तर तिथून पुढं तुमची अडवणूक बेकायदा होते, आणि त्यानंतर सेटला जे काही होईल त्याची जबाबदारी कलम १६१ खाली तुमच्यावर येते. तेव्हा उद्याच नवीन पत्र पाठवा: या सेटच्या बिलाचे १ लाख ६६ हजार भरा, सेट घेऊन जा, आणि बाकी दोन बिलांची मागणी वेगळी, त्याचं पत्र वेगळं. कागदावर तीन उधाऱ्या तीन ओळींत दिसल्या पाहिजेत.

साइटवरच्या होइस्टच्या २२ हजारांवर लीन नाहीच, कारण ती मोटर तुमच्या ताब्यात आलीच नाही, तुमची माणसं तिथं जाऊन काम करून आली. ती साधी उधारी आहे. आणि कृपा करून रात्री माणूस पाठवून कंट्रोलर कार्ड काढून आणणं वगैरे कुणी सुचवलं तर ऐकू नका. तसंच काही मशीनवाले पीएलसीत, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, टाइम लॉक टाकून ठेवतात, पैसे नाही आले की मशीन बंद पडतं. करारात तसं ठरलेलं नसताना हे केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं लचांड मागं लागतं, त्याच्या कलम ४३ मध्ये हक्काच्या माणसाला त्याची यंत्रणा वापरू न देणं हेही येतं. लीन म्हणजे तुमच्या दारात आलेली वस्तू न देणं, त्याच्या दारात जाऊन काही आणणं नाही.

सेट ताब्यात असेपर्यंत तो नीट सांभाळायची जबाबदारी तुमची आहे, शहाणा माणूस स्वतःची वस्तू जशी सांभाळेल तशी, हे कलम १५१ आहे. म्हणजे पावसात उघडा नको, बॅटरी आणि रेडिएटरची काळजी घ्या, महिन्यातून एकदा फोटो काढा, आवरमीटरचं, म्हणजे सेट किती तास चालला ते दाखवणाऱ्या मीटरचं, रीडिंग फोटोत दिसू दे. हे आवरमीटरचं मुद्दाम सांगतोय. गुरुवारी लाइट गेली की शेडमध्ये तयार सेट उभा असतो, मोह होतो, दोन तास चालवू म्हणतो. चालवू नका. तो तुमच्याकडं दुरुस्तीला आलाय, वापरायला नाही. परवानगी नसताना वापरला आणि काही झालं तर कलम १५४ खाली भरपाई तुम्ही देणार, आणि चांगली बाजू घेऊन कोर्टात गेलेल्या माणसाचं आवरमीटर ११० तास पुढं निघालं की जज पुढचं काही ऐकायच्या मूडमध्ये राहत नाहीत. दुसऱ्याला भाड्यानं देणं तर लांबच राहिलं.

जागाभाड्याचंही तेच. "रोज ५०० रुपये पार्किंग" असं तुम्ही बिलात वाढवलंय ते काढून टाका. तुम्ही स्वतःच्या फायद्यासाठी वस्तू अडवलीय, तेव्हा त्या अडवण्याच्या काळाचं भाडं, आधी ठरलं नसेल तर, मागता येत नाही. त्या सात महिन्यांच्या भाड्यामुळं तुमचा खरा आकडाही खोटा दिसायला लागतो.

पोलिसांचं. समजा उद्या चौकीतून फोन आला. घाबरू नका, जा, आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. आवक चलन, एस्टिमेट, ट्रायलचा पुरावा, बिल, मागणीची पत्रं, एक कॉपी त्यांना द्या आणि पोच घ्या. सांगा की वस्तू सुरक्षित आहे, विकलेली नाही, वापरलेली नाही, पैसे भरले की त्याच तासाला देतो. हा दिवाणी वाद आहे. आणि एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. चोरीच्या व्याख्येखालीच कायद्यानं घड्याळाचं उदाहरण दिलंय, जुन्या दंड संहितेत कलम ३७८, आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम ३०३. घड्याळवाल्याचे दुरुस्तीचे पैसे बाकी आहेत, त्यानं ते हमी म्हणून कायदेशीरपणे ठेवून घेतलंय, आणि मालकानं ती हमी बुडवायच्या इराद्यानं आपलंच घड्याळ उचलून नेलं, तर मालकानं चोरी केली. स्वतःच्या वस्तूची चोरी! तेव्हा तो क्रेन आणि चार माणसं घेऊन गेटवर आला तर हाणामारी न करता व्हिडिओ काढा, ११२ ला फोन करा, आणि हे उदाहरण लक्षात ठेवा. सेटची चावी आणि कंट्रोल पॅनेल शेडच्या आत ठेवा, रस्त्याच्या कडेला उभा केलेला सेट म्हणजे अर्धा सोडलेला ताबा.

एक शक्यता तुम्ही लिहिली नाहीये, की सेट कर्जावर घेतलाय का. बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जापोटी सेटवर तारण, असेल तर उद्या त्यांचा माणूस येईल आणि सेट मागेल. तेव्हा ना लगेच द्या ना तोंडी भांडा. त्यांचं पत्र घ्या, लेखी उत्तर द्या की दुरुस्तीचे इतके बाकी आहेत आणि कलम १७० खाली ताबा आमच्याकडं आहे, आणि मग वकिलाला दाखवा. कोण पुढं हे त्यांच्या कराराच्या भाषेवर आणि दुरुस्ती कुणाच्या परवानगीनं झाली त्यावर ठरतं. बऱ्याचदा बँकवालेच दुरुस्तीचं बिल भरून वस्तू सोडवून नेतात, कारण त्यांनाही चालू सेटचेच पैसे येतात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, या सेटवर १ लाख ६६ हजारांसाठी तुमचा हात भक्कम आहे, बाकी ८६ हजारांसाठी नाही, आणि विकायला कुठल्याच रकमेसाठी नाही. आता पैसे.

माझ्याकडं काही वर्षांपूर्वी पिंपरीतले एक वर्कशॉपवाले आले होते. स्क्रू कंप्रेसर केला होता, बिल ९० हजारांच्या आसपास. गिऱ्हाईक पैसे देईना म्हणून कंप्रेसर धरून ठेवला आणि माल आपल्याकडंच आहे, कुठं पळतोय, असं म्हणून चार वर्षं थांबले. मी शेडमध्ये जाऊन बघितला, वर ताडपत्री, ताडपत्रीवर धूळ, खाली उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं. गिऱ्हाइकाची कंपनी बंद झाली होती. भंगारात ३५ हजार आले असते, पण विकायचा हक्क नाही, आणि पैशाचा दावा करायची मुदत निघून गेलेली. केलेल्या कामाच्या पैशाच्या दाव्याला, पेमेंटची तारीख ठरलेली नसेल तर, काम झाल्यापासून तीन वर्षं मिळतात, मुदतीच्या कायद्यातला अनुच्छेद १८. अडवायचा हक्क मुदत संपली म्हणून लगेच जात नाही, पण कोर्टातून वसूल करायचा रस्ता बंद होतो, आणि नुसता अडवायचा हक्क घेऊन माणूस काय करणार. त्या गृहस्थांना मी काही देऊ शकलो नाही, ती गोष्ट मला अजून टोचते. तुमच्या ६४ हजारांच्या बिलाची तारीख आज बघा.

तुमच्याकडं तीन हत्यारं आहेत. सगळ्यात सोपं जीएसटीचं, आणि ते लोक विसरतात. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर गिऱ्हाइकानं तुमच्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (बिलातल्या टॅक्सची वजावट) व्याजासकट परत करायला लागतं, सीजीएसटी कायदा कलम १६. तुम्ही बिलावर टॅक्स भरून बसलात, त्यानं क्रेडिट खाल्लं असेल, आणि सात महिने झालेत. नोटिशीत ही ओळ टाका आणि नोटिशीची एक कॉपी त्याच्या सीएला जाऊ दे. माझा अनुभव आहे, मालक वकिलाच्या नोटिशीला भीत नाही पण सीएच्या फोनला भितो.

दुसरं एमएसएमई, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीचा कायदा. काम घेण्याआधीपासून तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन सूक्ष्म किंवा लघु म्हणून असेल तर २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूनं आहे. करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या वर उधारी नाही, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. त्या कायद्याखालच्या फॅसिलिटेशन काउन्सिलकडं ऑनलाइन अर्ज करता येतो, आधी समेट, मग लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात हे धरून चाला. पण निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि त्याला तो रद्द करून घ्यायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, तिथं भल्याभल्यांचा उत्साह संपतो. रजिस्ट्रेशन नसेल तर आजच करा, या कामाला त्याचा भरवसा धरू नका, पुढच्यांना होईल.

तिसरं दिवाणी दावा. तुमची रक्कम ३ लाखांच्या आत आहे म्हणून साध्या दिवाणी कोर्टात जाल. ३ लाख किंवा वर असती तर कमर्शियल कोर्ट आलं असतं आणि तातडीचा अर्ज नसेल तर आधी मध्यस्थी करावीच लागली असती. आणि तुमचा मूळ प्रश्न, सेट विकायचा, तो इथं कायदेशीरपणे सुटतो. दाव्यात कोर्टाला सांगता येतं की सेट पडून खराब होतोय, त्याची जप्ती घ्या किंवा मध्यंतरी विक्री करा आणि पैसे कोर्टात ठेवा, दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३८ आणि ३९ मध्ये त्याची सोय आहे. डिक्री, म्हणजे वसुलीचा हुकूम, झाली की त्याच सेटची जप्ती आणि लिलाव, आणि तेव्हा जुन्या ६४ हजारांची आणि होइस्टच्या २२ हजारांची डिक्रीही त्यातून भागवता येते. म्हणजे जे तुम्हाला स्वतःच्या हातानं करता येत नाही ते कोर्टाच्या हातानं होतं. वेळ लागतो, खोटं सांगत नाही. कोर्ट मंजूर करेलच असंही नाही, सेट किती खराब होतोय हे दाखवावं लागेल.

पुढच्या कामांसाठी जॉबकार्डवर चार ओळी वाढवा, माझ्या वडिलांच्या काळात हे कुणी सांगितलं असतं तर घरचे दोन-तीन दिवाळसण बरे गेले असते. एक, आलेली वस्तू या आणि आधीच्या सर्व थकबाकीसाठी अडवता येईल. कलम १७१ ला जो "स्पष्ट करार" लागतो तो हाच. दोन, तयार झाल्याचं कळवल्यापासून इतक्या दिवसांनी रोजचं इतकं जागाभाडं. तीन, इतक्या दिवसांची लेखी नोटीस देऊन विकता येईल, विक्रीतून बाकी वजा करून उरलेले पैसे परत. चार, त्याच्या अधिकृत माणसाची सही आणि शिक्का, ड्रायव्हरची नाही. वस्तू आत येताना ही सही मिळते, बाहेर जाताना कुणी देत नाही.

शेवटचं एक, कारण तुम्ही खाली लिहिलंय की माणूस जुना आहे, संबंध तोडायचे नाहीत, थोडे घेऊन सेट सोडून द्यावा का. देऊ शकता, चूक नाही. वडिलांच्या दुकानात प्रत्येक मोटरीच्या हुकाला पत्र्याचा तुकडा बांधलेला असायचा, खिळ्यानं ठोकून नंबर, आणि तोच नंबर वहीत. एकदा यवतकडचा एक शेतकरी आला, साडेसात एचपीची मोटर, वार्निश अजून पुरतं सुकलं नव्हतं, खिशात पैसे अर्धेच, आणि शेतात कांदा पाण्यावाचून उभा. आई आतून म्हणत होती देऊ नका. वडिलांनी मोटर दिली, पण पत्रा सोडायच्या आधी वहीचं पान त्याच्यापुढं सरकवलं आणि त्याच्याच हातानं लिहून घेतलं, मोटर मिळाली, काम पसंत, इतके रुपये देणे बाकी, तारीख, सही. त्यांना मुदतीच्या कायद्याचं कलम १८ माहीत नव्हतं, पण त्या कलमात हेच आहे, मुदतीच्या आत देणेकऱ्यानं बाकी लेखी कबूल केली की त्या तारखेपासून तीन वर्षं नव्यानं सुरू. तुम्हीही सोडायचा ठरवलात तर किमान १ लाख खात्यात जमा झाल्यावर सोडा, बाकीचे तारीख घातलेले चेक घ्या, आणि त्याच्या लेटरहेडवर तिन्ही बिलांचे नंबर, तारखा आणि रकमा घालून "सेट चालू स्थितीत मिळाला, कामाबद्दल तक्रार नाही, वरील रक्कम देणे आहे" असं लिहून मालकाची सही घ्या. सेट ट्रेलरवर चढायच्या आधी. पीओ असेल तर तिचं मागचं पान आणि ६४ हजारांच्या बिलाची तारीख खाली टाका, फोन नंबर आणि नावं झाकून, मग नोटिशीत नेमकं काय लिहायचं ते सांगतो.